तनिषाचे बाबा

हळद्या जन्मला तेव्हा राजीव खांबेटे ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये होता. तबेल्यातल्या कॅमेऱ्यावर केशर घोडी आडवी झालेली दिसली तसा तो गमबूट चढवून धावत सुटला, आणि टीममधली माणसं बराच वेळ त्याच्या नावाच्या काळ्या चौकोनाशी बोलत राहिली. शिंगराचा एक पुढचा पाय आत दुमडला होता. राजीवने कोपरापर्यंत हात घालून तो सरळ केला, त्याच्या बायकोने, वैजयंतीने, केशरचं डोकं धरून ठेवलं, आणि कळेबरोबर ओढत ओढत ते शिंगरू पेंढ्यावर आलं. ओलं होतं तेव्हा मातकट दिसलं. वाळलं तसं पिवळंधमक झालं, हळदीच्या पाण्यातून काढल्यासारखं. नाव तिथेच ठरलं. शेजारचा शेतकरी डेरेक त्याला 'हॅल्डी' म्हणायला लागला आणि यार्डावर, म्हणजे तबेल्याच्या आवारात, येणाऱ्या सगळ्या गोऱ्यांनी तेच उचललं.

तनिषा, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा लफबरोला युनिव्हर्सिटीत होती. तिने शिंगराला पहिल्यांदा पाहिलं ते फोनवर. ही गोष्ट राजीव पुढे मनातल्या मनात फार घोळवायचा.

पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सला आलेल्या माणसाने घोडे पाळावेत, हे तिथल्या मराठी मंडळींना कधीच नीट पचलं नव्हतं. राजीवला ते आवडायचं. कंपनीने त्याला एकदा काही महिने टेक्ससला पाठवलं होतं. तिथल्या एका सहकाऱ्याच्या आईचा रँच, म्हणजे गुरांचा मोठा मळा, होता. त्या बाईने राजीवला एका म्हाताऱ्या घोडीवर बसवलं आणि गाईंच्या कळपात सोडून दिलं. घोडीने एक कालवड हेरली, कान रोखले, आणि राजीव पोत्यासारखा वर बसलेला असताना त्या कालवडीला कळपातून अलगद वेगळं काढून दाखवलं. इंग्लंडला परतल्यावर चिमुरड्या मुलींच्या वर्गात बसून तो घोडेस्वारी शिकला. मग गावाबाहेर जमीन घेतली, हॉलंडहून केशर आणली.

ह्या घोड्यांची जात क्वार्टर हॉर्स. ठेंगणे, मागून भरलेले, डोक्याने थंड. रँचवरच्या घोड्याला एकच काम येऊन भागत नाही. गाय कळपातून वेगळी काढायची, स्वार फाटक उघडेपर्यंत गुमान उभं राहायचं, दोरीला बांधलेला ओंडका ओढायचा, भरधाव सुटून जागच्या जागी थांबायचं. इंग्लंडात घोडा म्हणजे शर्यती आणि उड्या. असले कामकरी घोडे पैदा करणारी घरं मोजकीच. त्यांतलं एक खांबेट्यांचं होतं. मंडळाच्या गणपतीत नवखं कुणी भेटलं की ओळख करून देणारा म्हणायचा, "हे आपले घोडेवाले राजीव." राजीव हसून "अहो, कसलं काय" म्हणायचा, आणि मग पुढची आरती होईस्तोवर घोड्यांवरच बोलायचा.

शिक्षण संपल्यावर तनिषा "एक वर्ष घरी राहते" म्हणून आली आणि राहिलीच. राजीवला आनंद झाला. मजुरी वाचली म्हणून नव्हे, खरंच आनंद झाला. सकाळी तो आणि ती खरारा करायचे, शेण काढायचे. मग तो लॅपटॉपसमोर बसायचा आणि ती दिवसभर यार्डावर. हळद्या तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्यावर पहिलं खोगीर राजीवनेच घातलं. त्याची सुरुवात मी करणार, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. तनिषा "ऑफ कोर्स, बाबा" म्हणाली होती. पण राजीवला रोज वेळ कुठे होता? मंगळवारी-बुधवारी ऑफिसात जावं लागायचं. ते दोन दिवस हळद्याला फिरवायचं काम तनिषाकडे आलं.

असाच एक बुधवार होता. मीटिंग रद्द झाली म्हणून राजीव दुपारीच परतला. रिंगणात डेरेकच्या कालवडी सोडलेल्या होत्या आणि तनिषा हळद्यावर होती. जवळ गेल्यावर त्याला दिसलं की हळद्याच्या तोंडात लगाम नव्हता. मानेभोवती नुसती एक दोरी होती, आणि तीही तनिषाच्या हातात सैल पडलेली. हळद्या खाली झुकला होता, पुढचे पाय फाकवून, समोरच्या काळ्या कालवडीच्या डोळ्याला डोळा लावून. कालवड डावीकडे झेपावली की हा आधीच डावीकडे. उजवीकडे झाली की हा उजवीकडे. खुरांचा आवाज आणि कालवडीचं फुरफुरणं एवढंच ऐकू येत होतं. तनिषा त्याच्या पाठीवर अशी बसली होती, की तिथे बसण्यासाठी तिला काही करावंच लागत नसावं.

डेरेक कुंपणावर हात टेकून उभा होता. राजीवला पाहून तो हळूच म्हणाला, "पंचवीस वर्षं तू जे शोधत होतास ना, ते हे."

ते ऐकून राजीवला जे झालं तो अभिमान असेल असं त्याला क्षणभर वाटलं. वाट पाहूनही तो अभिमान झाला नाही.

तनिषा थांबली, खाली वाकून हळद्याच्या मानेवर थोपटलं आणि वडिलांना पाहून तिचा चेहरा उजळला. "बाबा! पाहिलंस? पाहिलंस का तू?"

"टाच खाली ठेव," राजीव म्हणाला.

तिने टाच खाली केली.

त्या दिवसापासून राजीवला सगळं ऐकू यायला लागलं. डेरेक कालवडी आणून सोडायचा ते तनिषाने सांगितलं म्हणून. राजीवला त्याच कालवडींसाठी वर्षानुवर्षं त्याच्या विनवण्या कराव्या लागल्या होत्या. फोन यायचा आणि पलीकडचा माणूस विचारायचा, "तनिषा आहे का?" नालबंद आला की घोड्याच्या खुरांविषयी तिला विचारायचा. तिने हळद्याचे व्हिडिओ टाकले, ते अमेरिकेतल्या माणसांनी पाहिले, आणि राजीव ऑफिसच्या टॉयलेटमध्ये बसून त्याखालच्या कॉमेंट वाचायचा. 'हा घोडा कुणाचा?' असं कुणी विचारलं की तो तिचं उत्तर शोधायचा. तिने प्रत्येक वेळी लिहिलेलं असायचं: 'माय डॅड ब्रेड हिम', माझ्या बाबांनी पैदा केलाय. त्याने राजीवला बरं वाटायला हवं होतं. त्याला वाटायचं, ही मला तुकडा टाकते आहे.

त्या वर्षीच्या गणपतीत एक तरुण जोडपं भेटलं, नागपूरचं, नुकतंच व्हिसावर आलेलं. बायको पुढे होऊन म्हणाली, "तुम्ही तनिषाचे बाबा ना? आम्ही बघतो तिला इन्स्टावर! तुम्हालाही घोड्यांची आवड आहे का?"

"थोडीफार," राजीव म्हणाला आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

एका शनिवारी तनिषा गवताच्या गासड्या आणायला गेली होती. राजीवने हळद्याचा लगाम काढला, मानेभोवती दोरी घातली आणि वर बसला. हळद्या चालला. दुडक्या चालीने गेला. वळ म्हटल्यावर वळला, थांब म्हटल्यावर थांबला. कसलीच खोडी केली नाही. समोर कालवड आली तेव्हा त्याने कान हलवले आणि राजीव काय सांगतो याची वाट पाहत उभा राहिला. राजीवने पायाने सांगितलं. तो बरोबर तितकाच गेला. पाहुण्यांसमोर मुलं वागतात तसा तो सभ्य वागत होता. राजीवला वाटलं, ह्याने मला खाली पाडलं असतं तर बरं झालं असतं.

तनिषा यायच्या आत उतरून त्याने सगळं जागच्या जागी ठेवलं, दोरीसुद्धा.

ऑक्टोबरात लेस्टरच्या पलीकडे रँच घोड्यांची मोठी स्पर्धा असायची. हळद्याची ती पहिलीच. तनिषा दोन महिने तयारी करत होती. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, जेवताना, राजीव म्हणाला, "हळद्यावर मी बसतो."

वैजयंतीचा भाताचा घास हातातच राहिला. तनिषा पाणी पीत होती. ग्लास खाली ठेवून ती म्हणाली, "तुला बसायचं आहे?"

"का? मी पैदा केलाय तो. मी पहिलं खोगीर घातलं. मला नको वाटायला?"

"नाही, नाही. बस ना. मी मिरचीवर बसते." मिरची म्हणजे केशरचीच मोठी मुलगी, अंगाने चांगली पण डोक्याने आळशी. तनिषा जरा वेळाने म्हणाली, "बाबा, फक्त एक. त्याने गाय पकडली ना, की त्याला सोड. हात नको लावू. त्याला कळते."

"कळतं," राजीवने तिचं मराठी सुधारलं. "आणि मलाही कळतं."

स्पर्धेत फाटक, ओंडका, थांबणं, सगळं नीट झालं. गाईचा भाग शेवटचा. हळद्याने एक लाल कालवड वेगळी काढली, खाली झुकला, आणि राजीवला त्याच्या पाठीतून ती ताकद वर येताना जाणवली. अंग शहारलं त्याचं. कालवड डावीकडे झेपावेल असं राजीवला वाटलं. हळद्या उजवीकडे निघाला होता. राजीवने लगाम खेचला. हळद्याचं तोंड उघडलं, डोकं वर गेलं, आणि कालवड उजवीकडून मोकळी पळून गेली. हळद्या तिथेच उभा राहिला. त्याचा एक कान मागे वळला होता, राजीवकडे, जणू आता काय करू असं विचारत.

दुपारी तनिषाने आळशी मिरचीला घेऊन दुसरा नंबर काढला. टाळ्या वाजल्या. लोक तिच्याभोवती गोळा झाले. वेल्सच्या डोंगरात गाई राखणारी ग्वेन नावाची एक बाई बराच वेळ तिच्याशी बोलत उभी होती. राजीव तनिषापाशी गेला, तिचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला आणि म्हणाला, "वेल डन." एरवी तो तिला मिठी मारायचा. मग तो ट्रेलरच्या मागे गेला आणि बराच वेळ दोऱ्या आवरत बसला, आवरून झालेल्या.

नोव्हेंबरात तनिषा मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेली. त्याच आठवड्यात ग्वेनचा फोन आला. तिला हळद्या हवा होता. कामासाठी, डोंगरावर रोजच्या कामासाठी. विकणार का?

राजीवने विचार करायला वेळ मागितला आणि त्या वेळात त्याने पुष्कळ कारणं जमवली. सगळी खरी होती. हळद्या खच्ची केलेला होता. त्याच्यापासून पुढे वंश वाढणार नव्हता. पैदास करणाऱ्याने घोडे विकायचेच असतात, नाहीतर ती पैदास कसली, तो नुसता संग्रह. ग्वेनचं घर चांगलं होतं, घोड्याला खरंखुरं काम मिळणार होतं. तनिषाला विचारलं असतं तर ती लग्नातून उठून रडत बसली असती. हेही खरंच होतं.

शुक्रवारी सकाळी ग्वेन ट्रेलर घेऊन आली. राजीवला आशा होती की हळद्या चढायला तयार होणार नाही. तरुण घोडे फळीवर अडतात, मागे सरतात. मग म्हणता येतं, बघा, त्याला जायचं नाही. राजीवने त्याला फळीपाशी नेलं आणि पुढे बोट दाखवलं. तनिषाने त्याला इतकं छान शिकवलं होतं की तो नुसत्या त्या बोटावर, एकदाही मागे न बघता, आत चढून गेला.

वैजयंती हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करायची. संध्याकाळी ती घरी आली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला रिकामं कुरण दिसलं आणि तिने पर्स न ठेवताच विचारलं, "हळद्या कुठे आहे?"

"विकला. ग्वेनला. वेल्सची ती."

"तनिषाला विचारलंस?"

"माझा घोडा आहे तो, वैजू."

वैजयंती खुर्चीवर बसली. कोट अजून अंगात होता. "तुझाच आहे. मी कुठे नाही म्हणते? मी होते की तिथे, केशरचं डोकं धरून. पण खरं सांग, घोडा कशासाठी विकलास?"

"अगं, खच्ची केलेला घोडा ठेवून ब्रीडरने..."

"राजीव." तिने आवाज चढवला नाही. "पोटात दुखतंय तुझ्या. वर्षभर बघतेय मी. तिचं कौतुक झालं की तू उठून भांडी घासायला जातोस. तीस वर्षांत कधी घासली नव्हतीस इतकी भांडी घासलीस यंदा."

राजीवला राग आला, आणि पाठोपाठ हसू आलं, आणि मग दोन्ही विरून गेलं. "स्वतःच्या मुलीवर कोण जळतं?" तो म्हणाला.

"तेच विचारतेय मी."

ती उठली, कोट काढला आणि कुकर लावला.

तनिषाला आणायला राजीव एकटाच हीथ्रोला गेला. गाडीत ती लग्नाच्या गमती सांगत होती. नवरदेव घोडीवर बसायला घाबरला म्हणून हिनेच ती घोडी धरून वरात चालवली होती. "पण तिचा तोंड बघायला पाहिजे होता, बाबा, पुअर थिंग, इतकी टाईट बांधली होती." मग ती हळद्याकडे वळली. वसंतात त्याला काय शिकवायचं, कुठे न्यायचं. राजीव मोटारवेवरून बाहेर पडायच्या पहिल्या फाट्यावर सांगायचं म्हणत होता, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. शेवटी टॉडिंग्टनच्या सर्व्हिसेसला, चहापाण्याच्या थांब्याला, त्याने गाडी आत घातली, दोन चहा घेतले आणि सांगून टाकलं.

तनिषा चहाच्या झाकणाकडे बघत राहिली. बाजूच्या टेबलावर एक मूल चिप्ससाठी रडत होतं.

"कधी?"

"शुक्रवारी."

"ओके," ती म्हणाली. मग पुन्हा, "ओके." आणि थोड्या वेळाने, "ग्वेनकडे त्याचा लगाम दिलास का? तो जुना, मऊवाला?"

राजीवने दिला नव्हता. त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

घरी पोचल्यावर तिने बॅग दारात ठेवली आणि ग्वेनला फोन लावला. राजीव जिन्याखाली बूट काढत बसला होता. तिथून त्याला सगळं ऐकू येत होतं. त्याच्या डाव्या कानाला हात लावू नका, लहानपणी कुंपणाची तार लागलीय. पाणी कोमट असेल तरच हिवाळ्यात पोटभर पितो. गाय समोर आली की हात खाली ठेवा आणि श्वास सोडा, त्याला श्वास कळतो. एकट्याला बांधून ठेवलं तर घाबरतो, पण रेडिओ लावला तर नाही. बोलण्याचा लावा, गाण्यांचा नको. ती सांगत होती, आवाज न कापता, एका जेमतेम ओळखीच्या बाईला सगळं देऊन टाकत होती. कानाला तार लागली होती हे राजीवला माहीत होतं. बाकीचं काहीच माहीत नव्हतं. जे त्याने आपल्या हाताने ह्या जगात आणलं होतं त्याच्याविषयी त्याला एवढंसुद्धा माहीत नव्हतं, आणि ह्या क्षणीदेखील, लाज वाटायच्या आधी, त्याला हेवाच वाटला.

तनिषा भांडली नाही. भांडली असती तर राजीवपाशी कारणं तयार होती. ती डिसेंबरात एका वीकेंडला वेल्सला गेली, हळद्याला नव्या जागी रुळवायला. जानेवारीत पुन्हा. ग्वेनकडे आणखी चार तरुण घोडे होते आणि शिकवायला कुणी नव्हतं. फेब्रुवारीत तनिषाने गाडीत सामान भरलं.

निघताना ती यार्डात आली. राजीव केशरच्या खुरातला चिखल काढत होता. केशर पोटुशी होती, बहुधा शेवटची.

"बाबा, मी जाते."

"जा. मोठ्या रस्त्यानेच जा, वर बर्फ असेल."

ती थांबून राहिली. "तू मला सांगितलं असतास ना, की तुला त्रास होतो, तर मी नसते बसले त्याच्यावर. खरंच. मी दुसरा घोडा घेतला असता."

राजीवने खूर खाली सोडला आणि पाठ सरळ केली. "म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला.

तिला ते कळलं की नाही, त्याला समजलं नाही. ती केशरच्या कपाळाला कपाळ लावून आली आणि गेली.

यार्ड आता पूर्णपणे राजीवचं होतं. फोन आला की त्यालाच विचारत. फोन कमी येऊ लागले. डेरेक कालवडी आणायचा, पण कुंपणावर रेंगाळायचा नाही. राजीव मिरचीवर बसून सराव करायचा आणि संध्याकाळी भांडी वैजयंतीच घासायची. एप्रिलमध्ये, भरदिवसा, केशरला मादी शिंगरू झालं. काहीच अडलं नाही. राजीवने हातसुद्धा लावला नाही. ते शिंगरू उठून उभं राहिलं, लडबडलं, पुन्हा उभं राहिलं, आणि राजीवने फोन काढून फोटो घेतला. पाठवायचा कुणाला हे त्याच्या अंगठ्याला माहीत होतं. त्याने फोटो पाठवला नाही. गाडीची किल्ली घेतली.

वेल्समधल्या ब्रेकनच्या डोंगरांपाशी पोचेपर्यंत दुपार झाली. ग्वेनच्या अंगणात कुणी नव्हतं. वर उतारावर गाई खाली आणण्याचं काम चाललं होतं. ग्वेनने त्याला लांबूनच ओळखलं आणि जास्त चौकशी न करता एका जाड्या वेल्श घोड्यावर बसवून दगडी भिंतीतल्या खिंडारापाशी उभं केलं. "इथून एकही जाऊ देऊ नकोस," एवढंच म्हणाली.

मग त्याला ती दिसली. उतारावरून गाईंचा कळप येत होता आणि मागे पिवळा हळद्या, अंगावर चिखल, हिवाळ्यातले केस अजून न झडलेले. तनिषा त्याच्यावर होती. एक कालवड फुटून दरडीकडे धावली. तनिषाने फक्त तिकडे पाहिलं, आणि हळद्या ओल्या गवतावरून वाऱ्यासारखा खाली गेला, कालवडीच्या पुढे जाऊन झुकला आणि तिला वळवून आणलं. रिंगणात होता त्याहून तो आता चांगला झाला होता. पुष्कळ चांगला. राजीव जाड्या घोड्यावर बसून बघत राहिला आणि त्याला वाटलं, इतक्या लांब आलो, मुलीच्या ओढीने आलो, तरी पोटातलं ते तसंच आहे. तो बघतच होता तेवढ्यात एक गोऱ्हा त्याच्या उजव्या बाजूने खिंडारातून सटकला.

"बाबा! उजवीकडे! काय करतोयस?" तनिषा वरून ओरडली, जशी ती कुठल्याही गड्यावर ओरडली असती.

राजीवने घोडा वळवला आणि त्या गोऱ्ह्याच्या मागे सुटला. त्याला परत आणायला त्याला शेताला पूर्ण फेरी घालावी लागली.

काम झाल्यावर दोघं घोडे धरून भिंतीपाशी उभे राहिले. हळद्याने राजीवचा हात हुंगला आणि तो सोडून गवताला लागला. राजीवने फोनमधला फोटो दाखवला. तनिषाने फोटो मोठा करून शिंगराचे पाय बघितले, छाती बघितली.

"चांगली आहे," ती म्हणाली. "खूप चांगली आहे, बाबा."

"घरी ये," राजीव म्हणाला. "ती तू तयार कर."

"नाही. मी इथेच राहणार. मला आवडतं इथे."

वारा होता. राजीवने झिप वर ओढली. मग त्याने ते सांगितलं, घोड्याकडे बघत, कारण तिच्याकडे बघून सांगणं त्याला जमलं नसतं. "मी जळतो तुझ्यावर, तनू. म्हणून हळद्या विकला. मघाशी तुला बघत होतो तेव्हासुद्धा. जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये."

"मला माहितीये." तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. "आईने नाही सांगितलं. मला दिसते ना. पण बाबा, मी मुद्दाम वाईट नाही बसणार. तुझ्यासाठीपण नाही."

"नकोच बसू."

"आणि हळद्याला विकल्याचा मला अजून राग आहे. खूप राग आहे. तो पण जाणार नाही लगेच."

"बरं."

तिने नाक पुसलं, पुन्हा फोटो पाहिला. "दोन वर्षांची झाली की हिला इकडे पाठव. मी करते तयार. पण मग लोक तिला माझीच म्हणतील. तुझं नाव कोणी नाही घेणार. चालेल?"

राजीवने खूप प्रयत्न केला. चालेल म्हणणं किती सोपं होतं.

"नाही चालणार," तो म्हणाला. "पण पाठवतो."

तनिषाने मान हलवली, फोन त्याच्या हातात दिला आणि घोडे आत न्यायला वळली.